झेलिंदाचं तोंड

रविवारची प्रार्थना आटोपताच नेल्लो चर्चच्या पायरीवर उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारू लागला, "लिंबांना कोण येणार तुमच्याकडून?"

नेल्लो हा विलाच्या, म्हणजे गावावरच्या जुन्या सरदारी वाड्याच्या, बागेचा मुख्य माळी. ऑक्टोबर सरत आला की बागेतली लिंबाची झाडं मातीच्या मोठाल्या कुंड्यांसकट थंडीपासून आडोशाला लिंबघरात न्यायची आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर काढायची, ही विलाची जुनी रहाटी. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस जायचा. मजुरी नसे. दुपारी विलाच्या अंगणात जेवण असे. आणि शेवटचं लिंबू ज्याच्या हाकेवर आत जाईल, त्यानं एक मागणं मागायचं. त्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. कुणी छाटलेल्या फांद्यांचं सरपण मागे, कुणी टोपलीभर लिंबं.

त्या रविवारी नेल्लोनं सगळ्यांना विचारलं, इझोलिनाला सोडून. सत्तरीची ही बाई डोक्यावरचा रुमाल सोडत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय रे, मी दिसले नाही होय तुला?"

"दिसलीस गं मावशी. पण तुझ्या घरात आता आहे कोण? काका गेले, पोरगा जर्मनीत. तुझ्या घरचं राहू दे. कोणी नावं ठेवणार नाही."

"प्रत्येक घरातून एक माणूस, असंच आहे ना?"

"हो, पण..."

"मग मी माणूस नाही?"

मागून ओत्तोरीनो हसला. गावातली एकुलती एक खानावळ त्याची, त्यामुळे आपण बोललो की लोकांनी हसायचं असतं अशी त्याची समजूत. "अगं, तुमच्या घरचं एक माणूस तिथं कधीचं उभंच आहे की! ऊन नाही, पाऊस नाही, थुंकतंय बिचारं!"

पायरीवरची माणसं हसली. पाद्रीबाबासुद्धा हसले, मग खोकल्यासारखं केलं.

इझोलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एवढंच म्हणाली, "गुरुवारी सकाळी येते," आणि उतार उतरून घरी गेली.

ओत्तोरीनो ज्याबद्दल बोलला ते साऱ्या गावाला पाठ होतं. विलाच्या रुंद पायऱ्या जिथे संपतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक संगमरवरी कलश आहे, पुरुषभर उंचीच्या चौथऱ्यावर, आणि प्रत्येकात लिंबाची एक कुंडी. उजवीकडच्यावर सिंहाचं तोंड कोरलंय. डावीकडच्यावर बाईचं. बाईचे डोळे बाहेर आलेले, केस पिंजारलेले, आणि तोंड असं वासलेलं की आत मूठ जावी. त्या तोंडातून आरपार भोक आहे, कलशातलं जास्तीचं पाणी निघून जायला. लिंबाच्या दिवशी कलशातली कुंडी उचलली की आत साचलेला गाळ धुवायला वरून बादली ओतायची, आणि मग बाई तोंडातून काळं पाणी ओकायची. ते पाहायला पुरुष गोळा व्हायचे, टोप्या उडवायचे. ती बादली ओतायचा मान ओत्तोरीनोच्या घरचा, कारण कलश कोरणारा गास्पेरो त्याचा पणजोबा.

आणि ती बाई म्हणजे झेलिंदा, इझोलिनाची पणजी.

एका कोरड्या उन्हाळ्यात विलाचा तेव्हाचा मालक सरदार कास्ताल्दी यानं ओढ्याचं पाणी वळवून आपल्या कारंज्यांना घेतलं होतं. गावातलं धुण्याचं टाकं आटलं, गुरं तडफडू लागली. पुरुषांनी सरदाराची जमीन कसायची होती, त्यामुळे पुरुष गप्प होते. झेलिंदा रिकामा तांब्याचा हंडा घेऊन विलाच्या दारात उभी राहिली आणि ओरडू लागली. रोज ओरडे. एके दिवशी सरदाराकडे बिशप जेवायला आले तेव्हा ती अशी ओरडली की त्यांच्या घशाखाली घास उतरेना. सरदारानं पाणी सोडलं. पुढच्या वर्षी त्यानं करवून घेतलेला हा कलश आला.

तेव्हापासून त्या घराला नाव पडलं तोंडाळांचं घर. इझोलिनाचा बाप तोंडाळांचा, ती स्वतः तोंडाळांची. लग्न होऊन दुसऱ्या घरात गेली तरी तोंडाळांचीच. तिनं ते सोसलं होतं. गावात प्रत्येकालाच काहीतरी नाव असतं, कोणी लंगड्यांचा, कोणी उंदरांचा.

पण दोन-तीन वर्षांपूर्वी विला मिलानच्या ब्रुसाडेल्ली नावाच्या गृहस्थानं विकत घेतला आणि तिकीट लावून बाग दाखवायला सुरुवात केली. लुक्का शहरातून छत्रीवाली एक वाटाडी पोरगी येते आणि प्रवाशांना सांगते, ही गावातली दारुडी बाई होती, दारू मिळाली नाही की सरदाराच्या दारात बोंबलायची. मग पाण्याची झारी ओतून दाखवते. लोक फोटो काढतात.

मागच्या वसंतात शाळेची सहल तिथे गेली. इझोलिनाच्या गावातच दिलेल्या लेकीची लेक, आठ वर्षांची, तीही गेली. तिचं नाव झेलिंदा. ते इझोलिनानंच हट्टानं ठेवायला लावलेलं. त्या संध्याकाळी पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मला झेलिंदा म्हणायचं नाही." तेव्हापासून त्या नावानं हाक मारली तर ती मान वळवीत नाही. शाळेच्या वहीवर तिनं बाप्तिस्म्यात मिळालेलं दुसरं नाव लिहायला सुरुवात केलीय.

इझोलिना ब्रुसाडेल्लीला जाऊन भेटली होती. त्यानं बसायला खुर्ची दिली, लहानशा कपात कॉफी दिली, आणि फार गोड बोलला. "बाई, या गोष्टी आहेत. लोकांना जरा हसायला हवं असतं. आणि कलशाला तर मी हातही लावू शकत नाही, सरकारी संरक्षण आहे त्याला." दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला, "तुम्हाला मात्र तिकीट नाही बरं का. केव्हाही या, बघून जा."

बघून जा! स्वतःच्या पणजीला ओकताना फुकट बघून जा! ते आठवलं की इझोलिनाला रात्री अंथरुणात उठून बसावं लागे.

गुरुवारी ती नवऱ्याचे जुने बूट घालून गेली. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. नेल्लोचा घसा बसला होता, मानेला लोकरी पट्टा गुंडाळलेला. त्यानं हातानंच खूण केली: लिंबघरात पेंढा पसरायला लाग. इझोलिना पेंढा पसरू लागली.

लिंबाची कुंडी उचलायची म्हणजे दोन लांब वासे, त्यांना दोर, आणि चार गडी. फांद्या थेट तोंडावर येतात, डोळ्यांत काटे जायची भीती, त्यामुळे उचलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून एकानं पुढे चालायचं आणि हाक द्यायची: डावीकडे, पायरी, हळू. ही हाक दरवर्षी नेल्लोची; शेवटच्या लिंबाची तेवढी तो पाळीनं एकेकाला देई. त्या दिवशी त्याच्या गळ्यातून नुसती हवा निघत होती. पहिली कुंडी कशीबशी आत आली. दुसरी लिंबघराच्या उंबऱ्यावर आपटली, काठाचा टवका उडाला आणि एका गड्याचं बोट चेंगरलं.

"अरे, दिसत नाही का?"

"हाक दे की नीट!"

"कोण हाक देतंय? मला तर मांजर फिसकारल्यासारखं वाटलं!"

तिसरी कुंडी पायऱ्यांवरून उतरत होती. पुढचे दोघे डावीकडे, मागचे दोघे उजवीकडे, आणि झाड मधे डुलत होतं. इझोलिना हातातला पेंढा टाकून दारात आली आणि ओरडली, "थांबा तिथंच! मागच्यांनो, पाय हलवू नका! ओत्तोरीनो, तुझ्या डाव्या पायाखाली पायरी आहे, आंधळ्या!"

सगळे जागच्या जागी थांबले. दरीपलीकडच्या शेतात कुत्रं भुंकायला लागलं.

नेल्लोनं तिच्याकडे पाहिलं, मग चौघांकडे. तो तिच्याजवळ आला आणि घशातल्या घशात म्हणाला, "मावशी, तूच पुढं चाल."

मग सबंध सकाळ ती पुढे चालली. मागे पानांच्या ढिगाखाली चार-चार गडी तिच्या आवाजावर पाय टाकत होते. ती त्यांना घाबरवत होती, शिव्या देत होती, आणि कुंड्या सुखरूप आत जात होत्या. "काय आवाज आहे," एक तरुण गडी म्हणाला. "घरचाच आहे, विकत नाही आणलेला," ओत्तोरीनो म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. इझोलिनानं ऐकलं आणि पुढची हाक दिली.

अंगणातल्या मेजांवर रस्सा आणि खिमा भरलेल्या तोर्देल्लींची पातेली येऊ लागली तेव्हा एकच लिंबू उरलं होतं, डावीकडच्या कलशातलं. शिडी लावून ती कुंडी कलशातून वर काढली, वाशांवर घेतली. इझोलिनानं तिलाही हाक देत आत नेलं आणि पेंढ्यावर ठेववलं.

बाहेर येऊन पाहते तर ओत्तोरीनो बादली भरून शिडीवर चढत होता. पुरुष गोल करून उभे होते, टोप्या हातात.

"खाली उतर," इझोलिना म्हणाली.

"अगं, एवढं झालं की जेवायचंच आहे."

"शेवटचं लिंबू कोणाच्या हाकेवर आत गेलं?"

ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईमाणूस आजवर कधी हाक द्यायला आलंच नव्हतं, तर रीत तिला लागू होते की नाही हे ठरवायची वेळ कशी येणार?

"तुझ्याच," नेल्लो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माग मावशी. सरपण पाठवू का?"

"हिला फिरवा. तोंड विलाच्या घराकडे करा."

"फिरवा?" ओत्तोरीनो शिडीवरूनच म्हणाला. "माझ्या पणजोबानं ठेवलेली वस्तू आहे ती! ज्या दिवशी ठेवली, त्या दिवसापासून कोणी हलवलेली नाही!"

"तिचं तोंड गावाकडे करून ठेवलंय तुझ्या पणजोबानं. ती गावावर ओरडली होती काय? सांगा ना, कोणावर ओरडली होती ती?" इझोलिनाचा आवाज चढू लागला. "तुमच्या टाक्यात पाणी आहे ना आज? तुमच्या बायका तिथं धुणी धुतात ना? तू, तुझी गाय कुठं पाणी पिते रे? तुमचे आजे-पणजे हात बांधून उभे होते, आणि ती एकटी इथं उन्हात घसा फोडत होती. तिनं पाणी आणलं. आणि त्याच पाण्याची बादली भरून तुम्ही दरसाल तिच्या तोंडातून ओकवता, आणि वर टोप्या उडवता! सरदारानं चेष्टा केली, ती मला कळते. त्याचं नाक कापलं गेलं होतं. तुमचं काय कापलं होतं?"

अंगणात पातेल्याचं झाकण कोणीतरी हळूच ठेवलं.

सगळ्यांत आधी हलला तो चेंगरलेल्या बोटाचा गडी. त्यानं वासा उचलला. मग दुसऱ्यानं. नेल्लोनं कोयता काढला आणि कलशामागची, करवंदीच्या जाळीसारखी दाट वाढलेली लॉरेलची झुडपं छाटायला घेतली. ती नाहीतरी छाटायचीच होती. त्यांच्यापलीकडे विलाच्या जेवणघराच्या खिडक्या दिसू लागल्या, आणि खिडक्यांत ब्रुसाडेल्लीचे पाहुणे.

या डोंगरातल्या माणसांना संगमरवर हलवायचा कसा हे शिकवावं लागत नाही. ओत्तोरीनोला उतरवून शिडी बाजूला केली, पहारी लावून कलश बोटभर उचलला, बुडाखाली ओला साबण चोपडला, आणि दोर गुंडाळून ओढायला लागले. इझोलिनानं हाक दिली. कलश कण्हल्यासारखा आवाज करत फिरला.

आणि जी बाजू आजवर झुडपांत होती ती उजेडात आली.

तिथेही एक तोंड होतं. तीच बाई. पण केस विंचरून मागे बांधलेले, ओठ मिटलेले, कपाळावर जराशी आठी, जशी दूरवर कोण येतंय ते पाहताना पडते. ऊन-पावसापासून वाचल्यामुळे दगड अजून दुधासारखा होता. गालाचं हाड, कानातली बारीक रिंग, सगळं जिथल्या तिथे. इझोलिनाच्या घरातल्या बायकांना पाहिलेल्या कोणालाही कळलं असतं ही कोण ते. तिच्या नातीची हनुवटी होती ती.

ओत्तोरीनोला हायसं वाटलं.

"बघ!" तो म्हणाला. "बघ, इझोलिना! उगाच आमच्या पणजोबाला बोल लावत होतीस. त्यानं तिला किती सुंदर काढलंय बघ! मनात आदर असल्याशिवाय असा हात चालतो का?"

इझोलिना त्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण रागानं.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ती कशी दिसायची ते. त्याला नीट ठाऊक होतं. मला आजवर वाटायचं, गास्पेरो बिचारा, त्यानं तिला फक्त ओरडतानाच पाहिलं असेल, जसं दिसलं तसं कोरलं असेल. नाही. हा हात ज्याचा आहे, त्यानं ते दुसरं तोंड जाणूनबुजून केलं. सरदार म्हणाला म्हणून केलं. आणि खरं होतं ते मागे झुडपात लपवलं, म्हणजे आपल्या मनाला टोचणी नको. रात्री झोप लागावी म्हणून! तिला काय उपयोग त्याचा? तिच्या पोरांना काय उपयोग? दाराबाहेर पडलं की सगळ्यांना दिसायचं ते ओकणारं तोंड, आणि हे बघायला कोण, तर मुंग्या आणि सरडे!"

"तो गरीब माणूस होता गं. त्यालाही पोट होतं."

"आणि तिला नव्हतं?"

ओत्तोरीनो दोन पावलं मागे सरला. बादली अजून हातात होती. तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

तेवढ्यात ब्रुसाडेल्ली पायऱ्या उतरून आला, गळ्यात नॅपकिन तसाच. "हे काय चाललंय? नेल्लो! याला हात लावायची परवानगी नाही, हे माहीत नाही का तुम्हाला?"

"मोडलं काही नाही, साहेब," नेल्लो कुजबुजला. "फिरवलंय फक्त."

"होतं तसं करा. ताबडतोब. प्रवाशांना तोंड इकडून दिसलं पाहिजे."

"प्रवाशांना जेवणघरात बसवा," इझोलिना म्हणाली. "तिथून छान दिसेल. तुम्हीच म्हणाला होता ना, साहेब, केव्हाही या, बघून जा? आता तुम्ही बघा. तिकीट नाही तुम्हाला."

तिनं ओत्तोरीनोच्या हातातली बादली घेतली, शिडी पुन्हा लावून चढली आणि कलशात ओतली. वर्षभराचा गाळ घेऊन पाणी पलीकडच्या तोंडातून भसकन बाहेर पडलं आणि जेवणघरापुढच्या पांढऱ्या खडीवर काळं पसरत गेलं. खिडकीतली एक बाई मागे सरली. ब्रुसाडेल्लीनं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"उद्या सकाळी हे पुन्हा फिरलेलं हवं," तो म्हणाला.

नेल्लोनं दोन्ही हात पसरले. "माझ्या एकट्याच्यानं होत नाही. यांना सांगा."

ब्रुसाडेल्लीनं माणसांकडे पाहिलं. एक जण केसांतून पानं काढत होता. एक जण हातावरचा साबण पुसत होता, आणि तो पुसून संपतच नव्हता.

"आता मे महिन्यात, साहेब," चेंगरलेल्या बोटाचा गडी म्हणाला. "लिंबं बाहेर काढायला येऊ तेव्हा बघू."

"मे महिन्यात मीही येणार आहे," इझोलिना म्हणाली.

तो आत गेला. दार जोरात लागलं.

माणसं मेजांकडे वळली. इझोलिनाही गेली आणि बाकावर मधोमध बसली, जिथून खालच्या पायवाटेकडे बघणारा तो मिटलेल्या ओठांचा चेहरा दिसत होता. कोणी तिला सरक म्हणालं नाही. ताटल्या भरल्या गेल्या. ओत्तोरीनो वाइनची सुरई घेऊन आला आणि पहिला पेला तिच्यापुढे ठेवला, कारण शेवटच्या लिंबाची हाक ज्याची, त्याचा पहिला पेला असतो.

"घे. झालं गेलं सोडून दे आता."

"मी ती घेतली तर पुढच्या वर्षी छत्रीवालीला सांगशील, तोंडाळांच्या घरात दारूसाठी बोंबलतात म्हणून." तिनं पेला बाजूला सारला. "मला पाणी हवंय."

"आतून आणतो."

"आतलं नको. गावातल्या टाक्याचं आण. तुझी बादली आहेच."

"खाली जाऊन? आत्ता? रस्सा गार होईल!"

"होऊ दे. टाक्यापाशी माझी नात खेळत असेल. तिला विचार, झेलिंदा, तुझ्या आजीच्या पणजीचं पाणी नेऊ का? असंच विचार. नाव घेऊन. आणि हसू नकोस."

ओत्तोरीनोनं मेजावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. कोणीतरी आपल्यासाठी हसेल म्हणून त्यानं वाट पाहिली. सगळे भाकरीचे तुकडे मोडत होते. मग त्यानं बादली उचलली आणि पायऱ्या उतरू लागला. कलशाजवळ आल्यावर तो क्षणभर थांबला, मान वर करून पाहिलं, आणि टोपी काढावी की नाही हे न ठरल्यासारखी नुसतीच सारखी करून पुढे गेला.

इझोलिनापुढची ताटली वाफाळत होती. तिनं चमचा उचलला नाही. पाणी येईपर्यंत ती थांबणार होती.